कोठीमागं टीव्ही गेम सापडला. चालू कसा करू?

धुऱ्यावरचा | ११ मे, रात्री ९.२०

आमचं गावचं जुनं घर पाडायला काढलंय. दारव्ह्याकडचं खेडं आहे, नाव सांगूनही कोणाला कळायचं नाही. कवेलू उतरवून झाले, आता आतलं सामान हलवणं सुरू आहे. काल ज्वारीची टिनाची कोठी चौघांनी मिळून सरकवली, तर मागं भिंतीला टेकलेलं युरियाचं पोतं, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. मला वाटलं जुनी सातबारे-पावत्या असतील. सोडलं तर आत टीव्ही गेम!

काळं डबडं, वर पांढऱ्या अक्षरात 'टर्मिनेटर'. दोन रिमोट, त्यातल्या एकाची वायर उंदरानं कुरतडलेली. नारिंगी बंदूक. एक पिवळी कॅसेट, '९९९९९९९ इन १'. डबडं उलटं करून हलवलं तर आतून ज्वारीचे दोन दाणे आणि एक वाळलेलं झुरळ पडलं.

हा गेम १९९९ चा. कापसाचा अडकलेला चुकारा तेव्हा कुठं हातात आला होता, आणि तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्याचे, म्हणजे सणाला पोरांना मिळणाऱ्या पैशांचे, माझे ४७ रुपये होते. माझे ४७, उरलेले बाबांचे, असे मिळून ६५० ला घेतला. बाबा आणि मी शकुंतला रेल्वेनं यवतमाळला गेलो होतो. येताना डबा मांडीवर. गाडी इतकी हळू की वाटायचं उतरून पळत घर गाठावं.

अडॅप्टर लावला, लाल लाइट लागला. नव्या एलईडी टीव्हीवर मात्र नुसता निळा पडदा. कोणाला काही सुचतंय का? मुलांना सांगून बसलो आहे की आज दाखवतो.

तर्री_पोहे | ११ मे, रात्री ९.४१

अरे बाप्पा! कोठीमांगं? मंग तो गेम नाई भाऊ, बियानं हाये. पेरून पाहा.

आमच्या गावात याले टीव्ही गेम कोनी म्हनेच ना. 'मारिओ' म्हनत. मारिओ लावला का, मारिओ बिघडला का. बंदुकीनं बदकं मारू रायले तरी मारिओच खेयू रायले. परतवाड्याले एक जन ५ रुपये तासानं खेयू दे. घड्याय त्याच्याच हातात राहे, म्हनून त्याचा तास चाळीस मिन्टातच भरे.

आन ते ९९९९९९९ म्या खरंच मोजाले घेतले होते, एका उन्हाळ्यात. पयले वीस-बावीस खरे. मंग तेच ते, नाव बदलून. एकात मारिओ दुसऱ्या लेवलपासून सुरू, एकात रातीचा मारिओ. तीनशेच्या पुढं म्या सोडून देल्लं.

कथील | ११ मे, रात्री १०.१५

माझं तालुक्याच्या गावी मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे, पण हात बसला तो रेडिओ-टीव्हीवर. म्हणून सांगतो.

लाइट लागला म्हणजे अडॅप्टर जिवंत आहे. तो हरवला किंवा जळला तर घरातला दुसरा कुठलाही खुपसू नका. या गेमच्या बऱ्याच अडॅप्टरांची पिन मधून ऋण असते आणि आजकालचे बहुतेक मधून धन असतात. अडॅप्टरवर गोळ्याचं छोटं चित्र असतं, ते बघूनच लावा. उलटा लागला की संपलं. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो ९ व्होल्ट घेतो, ५ व्होल्ट देतो, मधला फरक उष्णता करून टाकतो. खेळताना डबडं तापायचं ते यानंच. उघडून पाहिलंत तर बोर्डावर काळा, डांबरासारखा गोळा दिसेल. सगळा गेम त्या गोळ्याखालच्या चिपमध्ये. तो गेला असेल तर दुरुस्ती नाही, बाकी सगळ्याला इलाज आहे.

कॅसेटीत फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी आयुष्यभर तेच केलं, मीही केलं. चालायची ती फुंकरीमुळं नाही, काढून परत नीट बसवल्यामुळं. तोंडातल्या ओलीनं कॅसेटीतल्या पट्ट्या मात्र काळ्या पडतात. खोडरबर हलक्या हातानं फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा. कापूस तर तुमच्याकडं असेलच, भाव नाही म्हणून ठेवलेला.

आता टीव्ही. अँटेनाच्या वायरनं लावला असाल तर एलईडीत ॲनालॉग सर्च करावा लागतो, नुसता डिजिटल केला तर सापडत नाही. त्यापेक्षा डबड्याच्या बाजूला पिवळं-पांढरं भोक असेल तर ते वापरा. तरीही काही एलईडी हे जुनं चित्र ओळखतच नाहीत आणि 'नो सिग्नल' म्हणतात. सर्वांत सोपं सांगू? कोणाच्या तरी घरी नळीचा जुना टीव्ही पडून असेल, तो उचलून आणा.

पुण्यात_रमलेला | १२ मे, सकाळी ८.०५

मूळचा मी पुसदचा. थोडी वंशावळ सांगतो, राहवत नाही म्हणून.

'टर्मिनेटर' बाहेरून दिसायचा सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या टीव्ही गेमसारखा, पण आतून नक्कल होती निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची. फॅमिकॉम जपानात आलं १५ जुलै १९८३ ला. मासायुकी उएमुरा यांनी ते घडवलं, २०२१ मध्ये ते गेले. ८ बिटांचं यंत्र, कामापुरती मेमरी २ केबी. अख्खा मारिओ ४० केबीत बसवलेला. सकाळी काकांकडून येणारा फुलांचा 'शुभ प्रभात' फोटोसुद्धा त्याहून जड असतो.

म्हणजे धुऱ्यावरचा, तुमच्या घरी १९९९ मध्ये 'नवीन' म्हणून आलं तेव्हा ते १६ वर्षांचं होतं. तिकडं प्लेस्टेशन येऊन पाच वर्षं होत आली होती आणि प्लेस्टेशन २ तोंडावर होतं. आपण मात्र पेपरात गुंडाळून, हळदकुंकू लावून पूजा केली. आमच्या आजीनं तर नारळ फोडला होता.

तर्री_पोहे | १२ मे, सकाळी ८.३०

दात पाहून घ्याले पायजे होता बैल. बाजारात कोनी सांगतलंच नाई सोया वर्साचा हाये म्हनून. पन चालला ना बाप्पा. उमद्या जोडीवानी चालला.

आर्वीची_लेक | १२ मे, दुपारी २.४०

सगळे भाऊच दिसतायत इथं, म्हणून मी लिहिते.

आमच्या घरी दोन भाऊ आणि मी. मला कायम दोन नंबरचा रिमोट. त्याला स्टार्टचं बटणच नसायचं, सिलेक्टचंही नाही. म्हणजे सुरू करायचा तर त्यांनी, थांबवायचा तर त्यांनी. मारिओत माझा नंबर यायचा तो दादा मेल्यावर (गेममध्ये हो), आणि तो मरेपर्यंत आईची हाक यायची, कणीक भिजव म्हणून.

पण बदकांच्या गेममध्ये मी सूड घेतला. मेनूतून गेम लावला की दादा रिमोट खाली टाकायचा आणि बंदूक उचलायचा. तो पडलेला रिमोट एकदा मी सहज उचलून दाबत बसले, तर बदक माझ्या बोटांच्या इशाऱ्यावर उडायला लागलं! एकच बदक उडतं त्या प्रकारात ते चालायचं. मी कोणालाच सांगितलं नाही. पाठीमागं ओढणीखाली रिमोट धरून बसायचे. दादानं नेम धरला की बदक सर्रकन वर. दादाची गोळी हुकली की गवतातून कुत्रा हसत वर यायचा. महिनाभर दादाला वाटत होतं बंदूक खराब झाली. दुकानात नेऊन बदलूनही आणली त्यानं.

मागच्या भाऊबीजेला सांगितलं. अजून बोलत नाहीये नीट.

तर्री_पोहे | १२ मे, दुपारी २.५२

ताई, तुमाले दंडवत.

नवा_भिडू | १२ मे, सायंकाळी ६.१०

एक विचारू? राग मानू नका. हे सगळे गेम फोनवर फुकट चालतात, पाहिजे तिथं सेव्ह होतात. मग अडॅप्टर, नळीचा टीव्ही, खोडरबर एवढा खटाटोप कशाला? आणि फोनवर खेळून पाहिलं तर मला तरी पंधरा मिनिटांत कंटाळा आला.

कथील | १२ मे, सायंकाळी ६.४५

बदकांची बंदूक फोनवर कशी लावशील, ते सांग आधी.

गंमत नाही, त्यामागचं काम सांगतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि मग जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. आधी अंधार, लगेच उजेड, असं दिसलं की नेम लागला. नळीच्या टीव्हीत हे त्याच क्षणी होतं. एलईडी टीव्ही चित्र आधी स्वतःशी घोळवतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून जाते. म्हणून धुऱ्यावरचा, एलईडीवर मारिओ कदाचित चालेल, बदकं मरणार नाहीत.

निवृत्त_गुरुजी | १२ मे, रात्री ९.००

आमच्या शाळेत त्या काळी पालक येऊन विचारायचे, गेमनं टीव्हीची नळी जाते हे खरं का? मी खरं म्हणून सांगायचो. मला काहीच माहीत नव्हतं, पण परीक्षा जवळ आलेल्या असायच्या. आता कथील यांनीच सांगावं.

कथील | १२ मे, रात्री ९.२०

गुरुजी, एकच चित्र दिवसेंदिवस गोठवून ठेवलं तर त्याचा डाग बसू शकतो. दोन तास मारिओ खेळून नळी गेलेली मी एकही पाहिली नाही. या एका अफवेनं आमच्या पिढीचं किती खेळणं बुडवलं याचा हिशेब तुम्हीच लावा.

धुऱ्यावरचा, मला एक कोडं आहे. गेम खराब झालेला दिसत नाही, तरी पोत्यात बांधून कोठीमागं का? असं कोणी नीट बांधून लपवत नाही.

धुऱ्यावरचा | १३ मे, रात्री १०.५०

विचारलंच आहे तर सांगतो. नवा_भिडूला 'फोनवर सेव्ह होतं' याचं उत्तरही त्यातच आहे.

आमच्या घरी १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्यामुळं मारिओची टोपी लाल असते हे मला फार उशिरा कळलं. पण एक गोष्ट रंगीत टीव्हीवाल्यांच्या आधी कळली. गेममधली झुडपं आणि ढग एकाच आकाराचे आहेत. रंगीत पडद्यावर एक हिरवं आणि एक पांढरं, म्हणून लक्षात येत नाही. आमच्या टीव्हीवर दोन्ही फिकटच. मी चुलतभावाला म्हणायचो, दादा, हे ढग खाली पडलेत. तो म्हणायचा, डोळे तपासून घे. पुढं वाचलं की ४० केबीत सगळं बसवायचं म्हणून एकच चित्र दोनदा वापरलं होतं.

आता लाइन. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइन कधी असायची यापेक्षा कधी नसायची ते सांगणं सोपं. मारिओत सेव्ह नाही. गेम ओव्हर झाला तरी 'ए' दाबून धरून स्टार्ट दाबलं की त्याच दुनियेच्या पहिल्या लेवलपासून सुरू करता यायचं, हे दादानं कुठूनतरी शिकून आणलं होतं. पण लाइन गेली की सगळं गेलं. आम्ही सहाव्या दुनियेत गेलो आणि लाइन गेली, सातव्यात गेलो आणि लाइन गेली. एकदा नुसता पंखा मंद झाला तर दादा रिमोट हातात धरून देवाचं नाव घेत होता.

१९९९ च्या वर्ल्डकपला मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, ट्रॅक्टरची बॅटरी काढून छपरीत टीव्ही लावला होता. त्या टीव्हीला मागं १२ व्होल्टचं भोक होतं. सारं गाव छपरीत. ते आमच्या डोक्यात बसलेलं. २००१ च्या जूनमध्ये, रात्री घरचे झोपल्यावर, दादा आणि मी बॅटरी काढली. दोघांनी धरून, चपला काढून, ठेचकाळत आणली. टीव्ही लावला. गेमलाही तिथूनच वायर दिली. कथीलभाऊ, ९ ऐवजी १२ दिले हो. तो असा तापला की आम्ही माठाखालचं ओलं फडकं त्याच्या खाली ठेवलं, दर अर्ध्या तासानं बदलायचो. आवाज पूर्ण बंद.

पहाटे ८-४ ला, म्हणजे आठव्या दुनियेच्या चौथ्या लेवलला, पोचलो. शेवटचा किल्ला. त्याआधी तिथं कधीच गेलो नव्हतो. आणि तिथं गेम फिरून फिरून त्याच जागी यायला लागला. तोच लाव्हा, तोच नळा, परत तोच लाव्हा. दादा म्हणाला कॅसेट नकली आहे, पुढचं भरलेलंच नाही. कोंबडा आरवला तसं घाईघाईनं सगळं गुंडाळलं आणि अंधारातच बॅटरी परत लावली.

दोन दिवस आधी मृगाचा पाऊस झाला होता, वाफसा आलेला. मोठ्या बाबांची पेरणीची भाड्याची कामं ठरलेली. सकाळी चावी फिरवली, ट्रॅक्टर नुसता 'टक' करून गप्प. चार माणसं बोलावून ढकलगाडी. आम्ही दोघं नाल्याकडं पळालो ते दुपारी परतलो. मोठे बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून गेम मात्र घरात दिसला नाही. आम्ही विचारलाही नाही. विचारायला तोंड कुठं होतं? पेरणीच्या दिवशी बॅटरी उतरवली आम्ही.

दादा आता नागपूरला असतो. त्याला फोटो पाठवला, तर त्यानं फक्त ट्रॅक्टरचं चित्र पाठवलं.

कथील | १३ मे, रात्री ११.३०

थांबा थांबा. हिशेब जुळत नाही.

१४ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही १२ व्होल्टवर सव्वा-दीड अँपिअर खातो. गेम धरा अर्धा. दोन अँपिअर म्हणू. रात्रभर म्हणजे सहा तास, म्हणजे १२ अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी ८० च्या आसपासची असते. बॅटरी बरी असेल तर एवढ्यानं उतरत नाही. वर्ल्डकपला अख्खा सामना चालला तेव्हा ट्रॅक्टर बंद पडला होता का?

नुसता 'टक' आवाज म्हणालात. अंधारात, घाईत, हातानं लावलेली क्लिप. पान्यानं आवळली होती का तुम्ही?

धुऱ्यावरचा | १३ मे, रात्री ११.३८

पाना नव्हताच घेतला.

तर्री_पोहे | १३ मे, रात्री ११.४०

घ्या! चोवीस वर्सं उगाच कान पाडून हिंडले.

पुण्यात_रमलेला | १४ मे, सकाळी ७.५०

८-४ चंही सांगून टाकतो. कॅसेट नकली नव्हती. तो किल्लाच भूलभुलैया आहे. ठरावीक नळ्यातून आत गेलं नाही तर पुन्हा त्याच रस्त्याला लागतो. एका ठिकाणी नळा उंच लटकलेला आहे, त्याच्या अलीकडं हवेत न दिसणारी वीट आहे, उडी मारली की डोक्याला लागून दिसते. तिच्यावर चढून त्या नळ्यात.

आणि पुढच्या वेळी रात्र जाळू नका. १-२ मध्ये शेवटच्या नळ्यात न जाता छतावरून चालत पुढं जा. तीन नळे लागतील, ४ नंबरचा घ्या. ४-२ मध्ये लपलेल्या विटेतून वेल निघते, ती चढली की थेट ८ पर्यंतचा नळा. ३२ पैकी ८ लेवलमध्ये काम होतं. तरबेज लोक पाच मिनिटांच्या आत संपवतात. आपल्या लाइनमध्येही बसण्यासारखं आहे.

आर्वीची_लेक | १४ मे, सकाळी ११.१५

मोठ्या बाबांना विचारलंत का पण? आहेत ना?

धुऱ्यावरचा | १६ मे, रात्री ८.४०

आहेत. ७९ वर्षांचे. आज त्यांच्यासमोरच बसून लिहितोय.

आधी गेमचं. चक्कीवाल्याकडं २१ इंची नळीचा टीव्ही होता, वर पिठाचा थर. बंडीतून आणला. कॅसेटीला खोडरबर मारलं, फुंकर मारली नाही (एकदाच मारली). पहिल्यांदा नुसत्या रेघा. दुसऱ्यांदा काढून बसवली आणि ते संगीत वाजलं. मुलगी आठ वर्षांची आहे, ती पहिल्या खड्ड्यात पडली, दुसऱ्यांदा पडली, तिसऱ्यांदा म्हणाली, 'बाबा, हा परत तिथूनच का सुरू होत नाही?' तिला चिडलेलं बघून मला फार बरं वाटलं. बदकांचा कुत्राही हसला तिला. बंदुकीची स्प्रिंग गंजली आहे, घोडा बोटानं पुढं ढकलावा लागतो, पण नेम लागतो.

मग मोठ्या बाबांना धीर करून विचारलं. बॅटरीचं.

ते म्हणाले, 'बॅटरीले काय झालतं? क्लिप सैल होती. लोकायनं ढकलून चालू केला, मंग म्या वावरात पाह्यलं, पान्यानं आवयली. झालं.'

म्हटलं, मग गेम कोणी लपवला?

'म्याच. टीव्हीखाली ओलं फडकं पाह्यलं, हात लावला तं डबडं अजून ऊन. म्हनलं हे पोट्टे घराले आग लावतीन. पोत्यात बांधला, कोठीमांगं ठेवला. दिवाईले देऊ म्हनलं होतं.'

दिवाळीला दिला नाहीत ना पण, मी म्हटलं.

'इसरलो.'

आणि परत टीव्हीकडं बघायला लागले. झुडपं हिरवी दिसली तसं विचारतात, 'याचा रंग बदलला का रे?' त्यांनीही तो कधी रंगीत पाहिला नव्हता.

आत्ता ८-४ ला आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणं वेलीवरून आलो. लटकलेला नळा दिसतोय, पण न दिसणारी वीट काही डोक्याला लागत नाही. नळ्यापासून किती मागं उडी मारायची? लवकर सांगा, ९ वाजता लाइन जाणार असा मेसेज आलाय.

तर्री_पोहे | १६ मे, रात्री ८.४३

वीट मले नाई माईत. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आन. क्लिप आवयून लावजो.